अपत्याची पोटगी (भारतीय कायदा)

अपत्याची पोटगी म्हणजे विभक्त झालेल्या किंवा घटस्फोटित आईवडिलांपैकी एकाने, न्यायालयाच्या आदेशानुसार अथवा परस्पर करारानुसार, अपत्याच्या पालनपोषणासाठी द्यावयाची रक्कम होय. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण यांचा खर्च तीत अंतर्भूत असतो. सामान्यतः अपत्याचा ताबा ज्याच्याकडे असतो त्या पालकाच्या हाती ही रक्कम दिली जाते. परंतु तिच्यावरील हक्क कायद्याने अपत्याचा मानला जातो. पती-पत्नीमधील नाते संपुष्टात आले तरी अपत्याविषयीचे उत्तरदायित्व संपत नाही, हे या तरतुदींमागील मूलभूत तत्त्व आहे.

भारतात या रकमेच्या आकारणीसाठी ठरावीक टक्केवारी किंवा सूत्र कायद्यात दिलेले नाही. प्रत्येक प्रकरणातील उत्पन्न, गरजा, राहणीमान आणि जबाबदाऱ्या पाहून न्यायालय आपल्या विवेकाधिकारात रक्कम ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात दिलेल्या निकालाने या विवेकाधिकाराला देशभर लागू होणारी एकसमान चौकट मिळाली.

कायदेशीर आधार

भारतात पोटगीविषयी एकच सर्वसमावेशक कायदा नाही. धर्मनिरपेक्ष स्वरूपाच्या तरतुदी आणि वैयक्तिक कायदे एकाच वेळी अस्तित्वात असून अर्जदाराला त्यांपैकी एकाहून अधिक कायद्यांखाली दाद मागता येते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ : या संहितेचे कलम १४४ हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झाले. पुरेशी साधने असूनही जी व्यक्ती स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आपल्या अपत्याची हेळसांड करते किंवा त्याचे पालनपोषण करण्यास नकार देते, तिला दरमहा पोटगी देण्याचा आदेश प्रथम वर्ग दंडाधिकारी देऊ शकतात. अपत्य औरस असो वा अनौरस, हक्कात फरक पडत नाही. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा दुखापतीमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्यालाही (विवाहित मुलगी वगळता) हा हक्क आहे. ही तरतूद सर्व धर्मीयांना लागू होते. १९७३ च्या संहितेत पोटगीवर दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ च्या दुरुस्तीने रद्द करण्यात आली.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ : कलम २६ अन्वये विवाहविषयक दावा चालू असताना किंवा निकालानंतर न्यायालय अज्ञान अपत्याचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांविषयी आदेश देऊ शकते व ते वेळोवेळी बदलू शकते.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ : कलम २० नुसार अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी आई आणि वडील या दोघांवरही आहे. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीबाबत ही जबाबदारी ती सज्ञान झाल्यानंतरही कायम राहते.

विशेष विवाह अधिनियम, १९५४ : नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्यांच्या अपत्यांसाठी कलम ३८ मध्ये हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ सारखीच तरतूद आहे. ख्रिस्ती व पारशी समाजांच्या विवाहविषयक कायद्यांतही अपत्यांच्या निर्वाहाची कलमे आहेत.

मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कसंरक्षण) अधिनियम, १९८६ : या कायद्यात अपत्याच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या निर्वाहाचा उल्लेख आहे. तथापि ‘नूर सबा खातून विरुद्ध मोहम्मद कासिम’ (१९९७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तो हक्क घटस्फोटित मातेचा असून, त्यामुळे कलम १२५ खालील अपत्याच्या स्वतंत्र हक्काला बाधा येत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ : कलम २० अन्वये पीडित महिलेला स्वतःसाठी व अपत्यांसाठी आर्थिक साहाय्य मागता येते. ही रक्कम पुरेशी, वाजवी आणि पीडितेच्या पूर्वीच्या राहणीमानाशी सुसंगत असावी, असे कायद्यात म्हटले आहे.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा कौटुंबिक बाबींना लागू असल्यामुळे तेथील वैयक्तिक कायद्याची चौकट वेगळी आहे. मात्र नागरिक सुरक्षा संहितेतील पोटगीची तरतूद गोव्यातही लागू होते.

अधिकारिता

कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ नुसार जेथे कौटुंबिक न्यायालय स्थापन झाले आहे, तेथे पोटगीचे अर्ज त्याच न्यायालयात चालतात. इतरत्र संहितेखालील अर्ज दंडाधिकाऱ्यांसमोर, तर वैयक्तिक कायद्यांखालील दावे दिवाणी न्यायालयात दाखल होतात. कौटुंबिक न्यायालयाने प्रथम तडजोडीचा प्रयत्न करावा, अशी या अधिनियमात अपेक्षा आहे. तेथे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नसून त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

पोटगीची आकारणी

१. उत्पन्नाची निश्चिती

आकारणीतील पहिला आणि बहुधा सर्वांत वादग्रस्त टप्पा म्हणजे दोन्ही पालकांच्या खऱ्या उत्पन्नाचा शोध. नोकरदाराच्या बाबतीत वेतनपत्रक, आयकर विवरणपत्र आणि बँक खात्याचे उतारे यांवरून तो तुलनेने सोपा असतो. व्यापारी, शेतकरी, रोखीने व्यवहार करणारे व्यावसायिक यांच्या बाबतीत मात्र कागदोपत्री उत्पन्न आणि प्रत्यक्ष राहणीमान यांत तफावत आढळते. अशा वेळी न्यायालय वाहन, घर, प्रवास, विमा हप्ते, कर्जफेड अशा बाबींवरून उत्पन्नाचा अंदाज बांधते.

‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानुसार दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात दाखल करणे आवश्यक आहे. बिगरशेती उत्पन्न असणाऱ्यांसाठी आणि शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी स्वतंत्र नमुने निकालासोबत जोडलेले आहेत. मेघालय राज्यासाठी तिसरा नमुना आहे. प्रतिवादीने आपले प्रतिज्ञापत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यावे, असा दंडक आहे. माहिती दडवल्यास न्यायालय त्या पक्षाविरुद्ध अनुमान काढू शकते आणि खोटे प्रतिज्ञापत्र दिल्यास कारवाईही होऊ शकते.

एकूण वेतनातून आयकर व सक्तीची भविष्य निर्वाह निधी वर्गणी यांसारख्या अनिवार्य कपाती वजा करून निव्वळ उत्पन्न काढले जाते. स्वेच्छेने वाढवलेली बचत किंवा दावा सुरू झाल्यानंतर काढलेले कर्ज दाखवून निव्वळ उत्पन्न कमी भासवण्याचा प्रयत्न न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. नोकरी नाही, एवढ्या कारणावरून धडधाकट पालकाची सुटका होत नाही. त्याची कमावण्याची क्षमता विचारात घेतली जाते. ‘अंजू गर्ग विरुद्ध दीपक कुमार गर्ग’ (२०२२) या निकालात, शरीराने सक्षम असलेल्या पतीने प्रसंगी अंगमेहनत करूनही पत्नी व अज्ञान अपत्यांचे पालनपोषण केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

२. अपत्याच्या गरजा

दुसऱ्या टप्प्यात अपत्याच्या वाजवी गरजांची मोजदाद होते. त्यांत पुढील बाबी येतात :

• आहार, कपडे, घरभाडे व वीज यांसारख्या घरखर्चातील अपत्याचा वाटा
• शाळेचे शुल्क, पुस्तके, गणवेश, वाहतूक
• शिकवणी किंवा कौशल्य प्रशिक्षण
• औषधोपचार, लसीकरण, आरोग्य विमा
• अपत्याला अपंगत्व किंवा गंभीर आजार असल्यास विशेष उपचार, उपकरणे व मदतनीसाचा खर्च

२०२० च्या निकालानुसार शिकवणी आणि पूरक अभ्यासक्रमांचा खर्च धरावा, परंतु तो अवाजवी नसावा. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा. आई नोकरी करत असून तिचे उत्पन्न पुरेसे असल्यास तो दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो.

गरजा ठरवताना केवळ तगून राहण्याइतका खर्च गृहीत धरला जात नाही. आईवडील एकत्र असताना अपत्याला जे राहणीमान लाभले असते, त्याच्याशी रकमेचा मेळ असावा, असे मानले जाते. दुसऱ्या बाजूने, पोटगी इतकी जास्तही नसावी की ती देणाऱ्यास पेलवणार नाही.

३. विचारात घेतले जाणारे घटक

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २३ मध्ये पक्षकारांचे स्थान व दर्जा, हक्कदाराच्या वाजवी गरजा, मालमत्ता व उत्पन्न, आणि पोटगीस पात्र व्यक्तींची संख्या हे घटक नमूद आहेत. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालाने त्यांत पालकांचे शिक्षण व रोजगार, निवाऱ्याची सोय, अपत्यसंगोपनासाठी आईने सोडलेली नोकरी, देणाऱ्यावर अवलंबून असलेल्या अन्य व्यक्ती आणि त्याची दायित्वे यांचा तपशील जोडला. आई कमावती आहे, एवढ्यावरून वडिलांचे अपत्याविषयीचे दायित्व नष्ट होत नाही.

४. रकमेची विभागणी

कायद्यात सूत्र नसले तरी निकालांमधून काही पद्धती पुढे आल्या आहेत.

उत्पन्नाच्या प्रमाणात वाटणी : ‘पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा’ (२०००) या प्रकरणात आई व वडील दोघेही नोकरी करत होते. सर्वोच्च न्यायालयाने दोन अपत्यांपैकी प्रत्येकासाठी दरमहा ३,००० रुपये खर्च निश्चित करून तो वडील व आई यांनी २:१ या प्रमाणात सोसावा, असा आदेश दिला. म्हणजेच प्रत्येक अपत्यामागे वडिलांचा वाटा २,००० रुपये व आईचा १,००० रुपये झाला.

कुटुंबाच्या साधनांचे समभाग : दिल्ली उच्च न्यायालयाने ‘अनुरिता वोहरा विरुद्ध संदीप वोहरा’ (२००४) या निकालात कुटुंबाच्या उत्पन्नाचे भाग पाडण्याची पद्धत मांडली. उत्पन्न मिळवण्यासाठी होणारा जादा खर्च लक्षात घेऊन कमावत्या पतीला दोन भाग आणि अन्य प्रत्येक सदस्याला एक भाग द्यावा, असे तिचे स्वरूप आहे.

पंचवीस टक्क्यांचा निकष : ‘कल्याण डे चौधरी विरुद्ध रीटा डे चौधरी’ (२०१७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मधील एका जुन्या निर्णयाचा आधार घेत पतीच्या निव्वळ वेतनाच्या २५ टक्के रक्कम पत्नीच्या पोटगीसाठी न्याय्य ठरेल, असे म्हटले. हा निकष पत्नीच्या पोटगीसंबंधी असून अपत्याच्या पोटगीला तो यांत्रिकपणे लावता येत नाही. पत्नीच्या बाबतीतही तो मार्गदर्शक आहे, बंधनकारक सूत्र नव्हे.

काल्पनिक उदाहरण

समजा, वडिलांचे निव्वळ मासिक उत्पन्न ६०,००० रुपये असून एक अपत्य आईकडे राहते.

आईला उत्पन्न नसल्यास समभागांच्या पद्धतीने वडिलांचे दोन, आईचा एक व अपत्याचा एक असे एकूण चार भाग होतात. प्रत्येक भाग १५,००० रुपयांचा होऊन वडिलांकडे ३०,००० रुपये राहतात. आई व अपत्याला प्रत्येकी १५,००० रुपये मिळतात.

आईचे निव्वळ उत्पन्न ३०,००० रुपये असल्यास आणि अपत्याचा वाजवी मासिक खर्च १८,००० रुपये ठरल्यास, उत्पन्नाच्या २:१ या प्रमाणानुसार वडिलांचा वाटा १२,००० व आईचा ६,००० रुपये होतो. अपत्य आईकडे असल्याने तिचा वाटा दैनंदिन खर्चातून थेट भागतो; वडील १२,००० रुपये पोटगी म्हणून देतात. ताबा असलेल्या पालकाचा वेळ व श्रम या गणितात रुपयांत दिसत नाहीत. म्हणून काही प्रकरणांत न्यायालये प्रमाण काटेकोरपणे न पाळता दुसऱ्या पालकाचा वाटा वाढवतात.

प्रत्यक्षात वृद्ध आईवडिलांची जबाबदारी, आजारपण, घरकर्ज, अपत्यांची संख्या यांनुसार हे आकडे बदलतात.

अंतरिम पोटगी

मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत अपत्याचा खर्च थांबत नाही. त्यामुळे दावा प्रलंबित असताना अंतरिम पोटगी देण्याची सोय आहे. अशा अर्जाचा निर्णय प्रतिवादीला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ही मुदत क्वचितच पाळली जाते, असे निरीक्षण नोंदवून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रतिज्ञापत्रे दाखल झाल्यानंतर चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकाली काढण्याचे निर्देश दिले.

हा निकाल ज्या प्रकरणात झाला, ते महाराष्ट्रातीलच होते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला १ सप्टेंबर २०१३ पासून ५,००० रुपये व १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो आदेश कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत सात वर्षे उलटली होती. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने या विलंबाची दखल घेऊन सर्व न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

पोटगी कोणत्या तारखेपासून

संहितेनुसार पोटगी आदेशाच्या तारखेपासून किंवा, न्यायालयाने तसे म्हटल्यास, अर्जाच्या तारखेपासून देय होते. पूर्वी याबाबत न्यायालयागणिक वेगवेगळी प्रथा होती. २०२० च्या निकालाने सर्व प्रकरणांत पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर करावी, असे ठरवले. निकालाला लागणाऱ्या विलंबाचा भुर्दंड अर्जदारावर पडू नये, हा यामागील हेतू आहे.

एकाच कारणासाठी दोन कायद्यांखाली रक्कम मंजूर झाल्यास ती दुप्पट वसूल होऊ नये म्हणून अर्जदाराने आधीच्या आदेशाची माहिती नंतरच्या न्यायालयाला देणे बंधनकारक असून, आधीची रक्कम नंतरच्या रकमेत समायोजित करता येते.

कालमर्यादा

अपत्याची पोटगी सामान्यतः ते १८ वर्षांचे होईपर्यंत मिळते. ‘अभिलाषा विरुद्ध प्रकाश’ (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने, शारीरिक वा मानसिक व्यंग नसलेल्या सज्ञान अविवाहित मुलीला कलम १२५ खाली पोटगी मागता येत नसली तरी हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० खाली तिचा हक्क आहे, असे स्पष्ट केले.

उच्च शिक्षण चालू असलेला मुलगा १८ व्या वर्षी पोटगीच्या कक्षेबाहेर जातो, ही या चौकटीतील उणीव मानली जाते. विधी आयोगाने २०१५ मधील २५७ व्या अहवालात अपत्याची पोटगी १८ वर्षांनंतर, न्यायालयास योग्य वाटल्यास, २५ वर्षांपर्यंत चालू ठेवता यावी आणि अपंग अपत्याच्या बाबतीत त्यापुढेही ती देता यावी, अशी शिफारस केली होती.

आदेशात बदल

परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवण्यासाठी अथवा कमी करण्यासाठी अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये (पूर्वीचे कलम १२७) आणि हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २५ मध्ये तशी तरतूद आहे. महागाई, अपत्याचे वरच्या वर्गात जाणे, आजारपण, पालकाची बढती किंवा नोकरी जाणे ही त्याची नेहमीची कारणे होत. वारंवार अर्ज करावे लागू नयेत म्हणून काही आदेशांत ठरावीक काळाने होणारी वाढ आधीच नमूद केली जाते.

आईवडिलांनी परस्परसंमतीच्या घटस्फोटात पोटगीबाबत करार केला असला, तरी अपत्याचा हक्क स्वतंत्र असल्याने तो हक्क पालकाने परस्पर सोडून देणे न्यायालयावर बंधनकारक ठरत नाही. त्याचप्रमाणे अपत्याची भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे, किंवा पोटगी मिळत नाही म्हणून भेट नाकारणे, हेही न्यायालये मान्य करत नाहीत. दोन्ही प्रश्नांसाठी स्वतंत्र दाद मागावी लागते.

अंमलबजावणी

आदेश मिळाल्यानंतरही रक्कम वसूल करणे हा अनेक अर्जदारांपुढील खरा प्रश्न असतो. वसुलीचे प्रमुख मार्ग पुढीलप्रमाणे आहेत :

• वसुली वॉरंट व कारावास : संहितेखालील थकबाकी दंडाप्रमाणे वसूल केली जाते. वॉरंटची अंमलबजावणी होऊनही प्रत्येक महिन्याची जी रक्कम थकीत राहील, तिच्यासाठी एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम त्याआधी भरल्यास तोपर्यंत कारावास होऊ शकतो. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत त्यासाठी अर्ज करावा लागतो.
• कारावासाने कर्ज फिटत नाही : ‘कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग’ (१९८९) या निकालानुसार तुरुंगवास हे वसुलीचे साधन असून तो भोगल्याने थकबाकी माफ होत नाही.
• वेतन जप्ती : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी वेतनाचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून मुक्त असतो.
• मालकाला थेट आदेश : कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याखाली, रक्कम देण्यात कसूर झाल्यास, न्यायालय मालकाला वेतनातून ती थेट पीडितेला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश देऊ शकते.
• बचाव रद्द करणे : जाणूनबुजून रक्कम थकवणाऱ्या पक्षाचा बचाव न्यायालय अखेरचा उपाय म्हणून रद्द करू शकते.

अन्य देशांतील पद्धती

अनेक देशांत आकारणीसाठी सूत्र किंवा तक्ता वापरला जातो. ग्रेट ब्रिटनमध्ये हे काम मुख्यतः एक शासकीय यंत्रणा करते. मूळ दरानुसार साप्ताहिक ८०० पौंडांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर एका अपत्यासाठी १२ टक्के, दोन अपत्यांसाठी १६ टक्के आणि तीन वा अधिक अपत्यांसाठी १९ टक्के आकारले जातात. अपत्य वर्षातून ५२ किंवा अधिक रात्री देणाऱ्या पालकाकडे राहत असल्यास रक्कम कमी होते. अमेरिकेतील बहुतेक राज्ये दोन्ही पालकांच्या एकत्रित उत्पन्नावर आधारलेला तक्ता वापरतात. विस्कॉन्सिन राज्याच्या मूळ मानकात मात्र देणाऱ्याच्या उत्पन्नाच्या १७ टक्के (एक अपत्य), २५ टक्के (दोन) व २९ टक्के (तीन) असे दर आहेत. जर्मनीत ड्युसेलडोर्फ येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाचा, उत्पन्नगट आणि अपत्याचे वय यांवर आधारलेला तक्ता मार्गदर्शक मानला जातो.

चर्चा व मूल्यमापन

विवेकाधिकारावर आधारलेल्या भारतीय पद्धतीचा गुण म्हणजे तिची लवचिकता. रोजंदारीवरील मजूर आणि मोठा उद्योजक यांना एकच टक्केवारी लावणे अन्याय्य ठरू शकते; शिवाय शेती व असंघटित क्षेत्रातील उत्पन्न ठरावीक नसते. दुसऱ्या बाजूने, सारख्याच परिस्थितीतील दोन अपत्यांना दोन न्यायालयांतून बरीच भिन्न रक्कम मिळू शकते आणि किती पोटगी मिळेल याचा अंदाज आधी बांधता येत नसल्याने तडजोड अवघड होते, अशी टीका केली जाते.

प्रतिज्ञापत्रांच्या सक्तीने उत्पन्न दडवण्याला काही प्रमाणात आळा बसू शकतो. परंतु तिचा उपयोग न्यायालये ही सक्ती किती काटेकोरपणे अमलात आणतात यावर अवलंबून आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच मार्गदर्शक तत्त्वांची आठवण पुन्हा करून द्यावी लागली. अंतरिम आदेशाला लागणारा काळ अपत्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण थकबाकी पुढे मिळाली, तरी त्या काळात हुकलेले शालेय वर्ष किंवा लांबलेले उपचार तिने भरून निघत नाहीत.